सोसायटीचे दप्तर आणि संगणक

विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था हे झाले कागदावरचे नाव. गावात तिला कोणी ‘सोसायटी’ म्हणतो, कोणी ‘विकास’. खरीप तोंडावर आला की पीककर्जासाठी, खतासाठी, बियाण्यासाठी शेतकरी याच एका खोलीच्या दारात उभा राहतो. या संस्थांची वंशावळ १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापर्यंत मागे जाते. आज त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतात. मधल्या काळात कायदे बदलले, योजना बदलल्या, जिल्हेसुद्धा बदलले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. खोलीतील कपाट आणि त्यातली कापडात बांधलेली रोजकीर्द व खतावणी मात्र वर्षानुवर्षे तशीच राहिली.

हे कपाट आता संगणकात जाणार आहे. पुष्कळ ठिकाणी गेलेही आहे. केंद्र शासनाच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० कार्यरत प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरली. पुढे ही संख्या ६७,९३० संस्थांपर्यंत आणि तरतूद २,९२५.३९ कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. महाराष्ट्रातील १२,००० संस्थांना प्रकल्पात स्थान मिळाले. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्व राज्यांसाठी एकच आज्ञावली तयार करण्यात आली. कल्पना तशी नवी नव्हे. प्रा. अ. वैद्यनाथन यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००५ मध्येच समान हिशेबपद्धती आणि संगणकीकरण यांची शिफारस केली होती.

प्रकल्पाचे आकडे शासकीय पत्रकांतून वाचावयास मिळतात. एका संस्थेच्या खोलीत संगणक आला म्हणजे नेमके काय घडते, हे मात्र फारसे कोठे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगावयाचे आहे. समजुतीसाठी नंदुरबार तालुक्यातील कोरीट या गावाचे नाव घेतो. येथील माणसे, रकमा आणि प्रसंग उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत. प्रश्न मात्र कल्पित नाहीत.

एक गोणी, चार नोंदी

हिशेबाची आज्ञावली आपल्याकडे अपरिचित नाही. बेंगळुरूमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या उद्योगाची ‘टॅली’ तालुक्याच्या बाजारपेठेतील कापड दुकानापर्यंत पोहोचून बराच काळ लोटला. ती प्रामुख्याने हिशेब लिहिते. व्यवहार आधी होतो आणि मग कोणीतरी बसून तो यंत्रात उतरवितो. संस्थांसाठी जी प्रणाली आली आहे, तिचा प्रकार थोडा वेगळा आहे. तीत व्यवहार करणे आणि त्याचा हिशेब लिहिणे ही दोन कामे उरत नाहीत.

कोरीटच्या एका सभासदाने सोसायटीतून युरियाच्या चार गोण्या उधारीवर नेल्या असे समजू. जुन्या पद्धतीत सचिवाला पावती फाडावी लागते, साठा नोंदवहीत चार गोण्या कमी कराव्या लागतात, सभासदाच्या खात्यास रक्कम नावे टाकावी लागते आणि रोजकीर्दीत विक्री जमा धरावी लागते. एका व्यवहाराच्या चार नोंदी, आणि त्या करणारा हात एकच. शिवाय २०१८ पासून अनुदानित खताची विक्री आधार क्रमांक घेऊन पॉस यंत्रावर करावी लागते, म्हणजे पाचवी नोंद तेथे. पावती फाडली पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत खतावणी राहून गेली, हे प्रत्येक सचिवाच्या आयुष्यात कधी ना कधी घडतेच. मग मार्चअखेर तेरीज जुळत नाही आणि रात्री दिवा जळत राहतो.

नव्या प्रणालीत विक्रीची नोंद एकदाच होते. साठा, सभासदाचे खाते, रोजकीर्द आणि ताळेबंद यांत तिचे परिणाम आपोआप उमटतात. यालाच जोडणी म्हणावयाचे. सभासदांची नोंदवही, भागभांडवल, कर्ज, ठेवी, खताचा व धान्याचा साठा, गोदाम आणि संस्थेची मालमत्ता या पूर्वी स्वतंत्र वह्या होत्या. आता त्या एकाच वहीच्या निरनिराळ्या बाजू होतात. दुसरी जोडणी बाहेरची. संस्थेचे कर्ज जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून येते, म्हणून संस्थेचा आकडा बँकेच्या आकड्याशी सतत ताडून पाहता आला पाहिजे. पॉस यंत्रावरील साठा आणि प्रणालीतील साठा हेही एकच दिसले पाहिजेत. ज्या ठिकाणी ते दोन दिसतात तेथे जोडणी झालेली नाही, तेथे फक्त यंत्रांची संख्या वाढली आहे, असे समजावे.

इटलीत लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लिहून ठेवली. प्रत्येक रक्कम एका खात्यास नावे आणि दुसऱ्या खात्यास जमा, हा तिचा गाभा. संगणकाने तो बदललेला नाही. फरक इतकाच, की जमा आणि नावे सारखे झाल्यावाचून यंत्र नोंद स्वीकारतच नाही. मी स्वतः कला शाखेचा विद्यार्थी. ताळेबंद म्हटले की आजही थोडी धास्ती वाटते. परंतु ही एक गोष्ट कळली की पुढचे पुष्कळसे आपोआप कळते.

आरंभीची शिल्लक

संगणक येतो, मुद्रणयंत्र येते, बोटांचा ठसा घेणारे यंत्र येते. प्रशिक्षण होते, उद्‌घाटन होते, नारळ फुटतो. यांतील कोणत्याही कामाला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो जुन्या वहीतून नव्या वहीत जाणारा पहिला आकडा ठरविण्याला. एखादी तारीख, समजा ३१ मार्च, निश्चित करावयाची. त्या दिवशी प्रत्येक सभासदाकडे किती मुद्दल व किती व्याज येणे आहे, प्रत्येकाचे भाग किती, ठेव किती, गोदामात माल किती, पेटीत रोख किती, बँकेचे देणे किती हे लिहून काढावयाचे आणि दुसऱ्या दिवसाची आरंभीची शिल्लक म्हणून ते प्रणालीत भरावयाचे.

वरवर हे काम नकलून काढण्याचे वाटते. वस्तुतः ते संस्थेच्या अनेक वर्षांच्या व्यवहारावर एका दिवसात निवाडा देण्याचे काम आहे. कारण येथे तीन आकडे एकमेकांशी जुळावे लागतात. सर्व सभासदांच्या खात्यांवरील कर्जाची बेरीज हा पहिला. सामान्य खतावणीतील ‘सभासद कर्ज येणे’ या शीर्षाखालचा आकडा हा दुसरा. आणि त्याच कर्जापोटी बँकेने संस्थेच्या नावे दाखविलेली रक्कम हा तिसरा. पहिले दोन जुळले नाहीत, तर दोष संस्थेच्या दप्तरात आहे. दुसरा आणि तिसरा जुळला नाही आणि बँकेचा आकडा मोठा निघाला, तर त्याला सहकार खात्याच्या भाषेत एक नाव आहे: अनिष्ट तफावत. बँकेला द्यावयाचे कर्ज जास्त, सभासदांकडून यावयाचे कर्ज कमी. उद्या प्रत्येक सभासदाने पैन्‌पै फेडली तरी संस्था बँकेचे देणे भागवू शकणार नाही, असा त्याचा अर्थ.

आपल्या कल्पित संस्थेत बँकेच्या वहीप्रमाणे मुद्दल येणे ८४,६०,००० रुपये निघाले आणि सभासदांच्या खात्यांची बेरीज ७९,१५,००० रुपये झाली असे धरू. तफावत ५,४५,००० रुपयांची. ती कोठून आली?

शोध घेता त्यांपैकी ३,१०,००० रुपयांचे कारण सापडते ते वसुली वळती करण्याच्या रीतीत. सभासदाने भरणा केला तेव्हा संस्थेने तो त्याच्या मुद्दलात जमा धरला. तीच रक्कम बँकेत गेली तेव्हा बँकेने आधी व्याज भागवून घेतले आणि उरले ते मुद्दलात धरले. दोघांनीही चोरी केली नाही. परंतु दरवर्षी थोडे थोडे अंतर पडत गेले. दुसरी रक्कम १,८५,००० रुपयांची. सभासदांनी कर्जफेडीपोटी दिलेले हे पैसे बँकेत भरण्याऐवजी पगार, भाडे, छपाई, लेखापरीक्षण शुल्क अशा खर्चात गेले, कारण संस्थेच्या उत्पन्नातून तो खर्च निघत नव्हता. राहिलेले ५०,००० रुपये म्हणजे एकाच पावतीची सभासदाच्या खात्यात दोनदा झालेली नोंद.

या तिन्ही रकमांचे स्वरूप निरनिराळे आहे आणि उपायही निरनिराळा. दुहेरी नोंद ही चूक आहे; ती सभासदाला पावती दाखवून, व्हाउचर करून दुरुस्त करता येते. खर्चात गेलेली वसुली हा संस्थेचा तोटा आहे. तो तोटा म्हणूनच ताळेबंदात दिसला पाहिजे. पहिली रक्कम सर्वांत नाजूक. सभासदाच्या हातात मुद्दल फिटल्याची पावती आहे. आता संगणकात भरताना त्याच्या खात्यावर गुपचूप तेवढे मुद्दल वाढविले, तर हिशेब जुळेल आणि माणूस फसेल. तेथे संचालक मंडळाचा ठराव, लेखापरीक्षकाचा अभिप्राय आणि त्या सभासदाला लेखी सूचना यांवाचून एक रुपयाही हलता कामा नये.

सर्वांत सोपा मार्ग मात्र वेगळाच असतो. न जुळणारी रक्कम ‘सस्पेन्स’ खाते उघडून त्यात टाकावी, तेरीज जुळवावी, संस्था ‘संगणकीकृत’ झाल्याचा अहवाल पाठवावा. तालुक्याच्या बैठकीत आकडे मागितले जात असतात, मुदत संपत आलेली असते. हा मोह अनैसर्गिक नाही. पण एकदा ती रक्कम सस्पेन्स खात्यात शिरली की ती कोणाची हे सांगणारा माणूस पुढे सापडत नाही. सचिव बदलतो, संचालक मंडळ बदलते, आणि संगणकाने छापलेल्या स्वच्छ कागदावर ती जुनी चूक अधिकृत होऊन बसते. हाताने लिहिलेल्या वहीवर लोक निदान शंका घेतात. छापील कागदावर शंका घेण्याची आपल्याला सवय नाही.

नावाचा घोटाळा

नंदुरबार जिल्ह्यात या कामाला आणखी एक पदर आहे. पाडवी, वळवी, वसावे, गावित या आडनावांची कुटुंबे गावोगाव आहेत. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले दोन सभासद असणे येथे नवलाचे नाही. जुना सचिव त्यांना चेहऱ्याने ओळखत होता, वहीत एकापुढे फळीचे किंवा पाड्याचे नाव लिहीत होता. यंत्राला चेहरा ठाऊक नसतो. सभासदाच्या नोंदवहीतील मराठी नाव, आधारपत्रावरील इंग्रजी अक्षरांतील नाव, सातबाऱ्यावरील नाव आणि बँकेच्या खात्यावरील नाव ही चार नावे एकाच माणसाची आहेत, हे कोणीतरी बसून ठरवावे लागते. त्यात मयत सभासद असतात, वारसनोंद न झालेल्या जमिनी असतात, ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसे असतात.

याची किंमत शेतकऱ्याने पूर्वी मोजलेली आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत कर्जखात्यांची माहिती गावपातळीवरून गोळा करून वर पाठवावी लागली. दुसऱ्या योजनेत तर यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन आधार प्रमाणीकरण केल्यावाचून रक्कम जमा होत नव्हती. खात्यावरील नाव व आधारवरील नाव जुळले नाही, की पात्र शेतकरी रांगेतच अडकून पडत असे.

तारखेचेही तसेच. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजाची सवलत मिळते. समजा ३० जून ही अखेरची तारीख आहे. कोरीटच्या सभासदाने २९ जूनला पैसे भरले. सचिवाने पावती दिली, पण नोंद ५ जुलैला केली. जुन्या वहीत मागच्या पानावर जागा काढून ती २९ जूनचीच लिहिली जात असे. प्रणालीत दिवस संपला की तो बंद करावा लागतो, आणि बंद झालेल्या दिवसात मागाहून नोंद घुसविता येत नाही. अफरातफर रोखण्यासाठी हे चांगलेच आहे. परंतु त्या एका शेतकऱ्याची सवलत आता सचिवाच्या त्या दिवशीच्या हजेरीवर अवलंबून राहते. एकाच गटसचिवाकडे दोन-तीन संस्थांचा कार्यभार असेल, तर तो रोज प्रत्येक ठिकाणी कसा बसणार? याचे उत्तर आज्ञावलीत नाही. ते मनुष्यबळाच्या आस्थापनेत शोधावे लागेल. माझ्या मते प्रकल्पाचे यश येथेच ठरेल, कारण संगणकाइतकीच रोज त्याच्यापुढे बसणाऱ्या माणसाचीही तरतूद लागते.

केव्हा सुरू करावे?

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट बनविणाऱ्या मोठ्या कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून अशीच एकत्रित व्यवहारप्रणाली बसविली. काम घाईने आटोपण्यात आले आणि प्रणाली जुलैत, म्हणजे सणासुदीच्या मागण्या येऊ लागण्याच्या वेळी, एकदम सुरू करण्यात आली. गोदामात माल होता, दुकानदारांची मागणी होती, पण प्रणालीला एकाचा दुसऱ्याशी मेळ घालता येईना. सुमारे १० कोटी डॉलरच्या मालाची मागणी त्या हंगामात पुरी करता आली नाही. पैशाची, तज्ज्ञांची कमतरता नसलेल्या कंपनीची ही गोष्ट.

आपल्या संस्थेचा सणासुदीचा काळ म्हणजे एप्रिल ते जुलै. वसुली, नव्या कर्जाची मागणीपत्रके, खताची उचल हे सगळे एकाच वेळी येते. ३१ मार्चची शिल्लक घेणे हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे, पण लगेच १ एप्रिलला जुन्या वह्या बंद करणे धोक्याचे. काही महिने दोन्ही दप्तरे बरोबरीने चालवावी आणि दर शनिवारी दोहोंची तेरीज ताडून पाहावी. यात सचिवाचे काम दुप्पट होते, हे मान्य केले पाहिजे; म्हणूनच ही मुदत ठरलेली हवी. ती संपविण्याची तारीख कोणी ठरवीत नाही, तेथे दुहेरी दप्तर कायमचे होते. ग्रामपंचायतींच्या सदस्यांना हा अनुभव नवा नाही. नमुना १ ते ३३ हाताने लिहावयाचे आणि तीच माहिती पुन्हा संगणकात भरावयाची, हे त्यांनी २०११ च्या ‘संग्राम’ प्रकल्पापासून पाहिले आहे. २०२० साली ई-ग्रामस्वराज आल्यावरही कित्येक ठिकाणी कपाट एका सत्याचे आणि संगणक दुसऱ्या सत्याचा, अशी वाटणी राहिली.

सांकेतिक शब्द कोणाचा?

प्रणालीत एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावयाची, अशी योजना असते. दोघांचे सांकेतिक शब्द वेगळे. परंतु अध्यक्षांना शेतीची कामे असतात, संगणकापुढे बसण्याचा संकोच असतो. मग ते आपला सांकेतिक शब्द विश्वासाने सचिवाच्या स्वाधीन करतात. एका संस्थेच्या कार्यालयात मी तो भिंतीवरील दिनदर्शिकेवर, एकादशीच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिलेला पाहिला आहे. तेथे कोणाच्याही मनात पाप नव्हते. पण त्या क्षणी दोन माणसांची तपासणी एका माणसाची झाली, आणि पुढे काही वावगे घडले तर यंत्र अध्यक्षांचेच नाव सांगेल. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्यास जे संचालक तयार होणार नाहीत, त्यांनी सांकेतिक शब्द देतानाही तोच विचार करावा.

सभासदाने काय पाहावे?

शिल्लक प्रणालीत भरण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा उतारा द्यावा आणि त्यावर त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, यासारखा दुसरा उपाय नाही. उताऱ्यात मुद्दल, व्याज, भाग आणि ठेव ही चार अंगे वेगवेगळी दाखविलेली असावीत. एकच एकूण रक्कम लिहिलेला उतारा स्वीकारू नये. सभासदाने घरातील पावत्या काढून त्या शेजारी ठेवाव्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गावातील शिक्षकांनी एक संध्याकाळ दिली, तर फार मोठे काम होईल. अहिराणीत किंवा भिलीत दोन वाक्यांत सांगितले की ‘तुझ्याकडे एवढे मुद्दल दाखविले आहे, हे बरोबर आहे का?’, की ज्याची पावती हरवली आहे तोही कोणत्या पोळ्याच्या आधी किती दिले हे बरोबर सांगतो. हरकती लेखी घेऊन त्या निकाली काढल्याची नोंद संचालक मंडळाच्या इतिवृत्तात करावी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाची असते. अनिष्ट तफावतीचा आकडा आणि त्याची फोड त्या सभेपुढे मोठ्याने वाचून दाखवावी.

राहता राहिली जुनी दप्तरे. संगणक आला म्हणून ती रद्दीत घालण्याची घाई काही ठिकाणी दिसते. खोली लहान असते, वाळवी लागलेली असते, हे खरे. परंतु कलम १०१ खालील वसुली दाखल्याचे प्रकरण उभे राहिले किंवा एखाद्या वारसाने बापाच्या खात्यावर हरकत घेतली, म्हणजे आरंभीच्या शिलकेच्या आधीचा पुरावा त्या वह्यांतच असतो. वर्षवार गठ्ठे बांधावे, प्रत्येकावर वर्षाची चिठ्ठी लावावी, पानांची संख्या लिहून त्याखाली सचिव आणि अध्यक्ष यांच्या सह्या घ्याव्या, आणि त्या गठ्ठ्यांची यादी प्रणालीतील पहिल्या दिवसाच्या छापील तेरजेला जोडून ठेवावी.